ओटी कुणी भरली?

माझ्या माहितीत आई आयुष्यात एकदाच खोटं बोलली, आणि तेही शपथ घेऊन, आमदारांच्या समोर. एरवी ती इतकं खरं बोलायची की माणसं तिला टाळायची. मुलगी झाली म्हणून तोंड वाकडं करणाऱ्या सासूला ती बाळंतिणीच्या देखत विचारायची, "का हो, तुम्ही कोण जन्माला आला होतात?" त्या एका खोट्याबद्दल मी कुठं तोंड उघडू नये म्हणून तिनं मला स्वतःच्या गळ्याची आण घातली होती. आता तिला जाऊनही जमाना झाला. गळ्याची आण गळा असेपर्यंत, असं मी माझ्यापुरतं ठरवलंय. दिलसुखनगरच्या या फ्लॅटात माझा नातू मला विचारतो, "आजी, कायको इत्ता गुस्सा करती?" त्याला मराठी वाचता येत नाही, तेव्हा हे तो वाचणार नाही. पण राग कशाचा ते एकदा लिहून ठेवते.

आई जनाना दवाखान्यात नर्स होती. माझे वडील मी अंगावर पीत असतानाच गेले. आमच्या घराण्यात सगळे सरकारी नोकरीतले, कचेरीत उर्दूत अर्ज लिहायचे आणि घरी येऊन मराठीत भांडायचे. वडील गेल्यावर नातेवाइकांनी आईला कोपऱ्यात बसवायची सगळी तयारी केली होती. ती उठली आणि सुईणपणाचं शिक्षण घ्यायला गेली. पांढरं पातळ, मोकळं कपाळ, हातात दवाखान्याची पिशवी. गौलीगुड्यातल्या आमच्या गल्लीत तिला सगळे नर्सबाई म्हणत. निम्म्या गल्लीची पोरं तिच्या हातावर जन्मलेली होती. "ह्याला मी उलटा धरून बडवलाय," असं ती मिशा फुटलेल्या माणसाकडे बोट दाखवून सांगायची आणि तो बिचारा लाजायचा.

संस्थानात फौज शिरली, पोलिस ॲक्शन झाली, त्या वर्षी मी नवी नवरी होते. माझ्या नवऱ्याची नोकरी परभणीला, तिकडे बायकोला न्यायची सोय नव्हती. बरकतपुऱ्यातली सासरची मंडळी भीतीनं सोलापूरला निघून गेली, तेव्हाची किती तरी घरं तशी गेली. मी हट्टानं आईजवळ राहिले. गल्लीतलीही बहुतेक घरं बंद होती, मी तिथं आहे हे कुणाला फारसं ठाऊकही नव्हतं. दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात विहीर. त्या घरात त्या दिवसांत बायका येऊ लागल्या.

कुणाला दवाखान्यातली झाडूवाली घेऊन यायची, कुणाला एखादा टांगेवाला दाराशी सोडून जायचा. खेड्यांतून आलेल्या. आधी एका बाजूच्या आल्या, फौज आल्यानंतर दुसऱ्या बाजूच्याही आल्या. त्यांच्यावर काय गुदरलं होतं ते मी इथं लिहिणार नाही. किती होत्या तेही मी तेव्हा मोजलं नाही आणि आता आठवून मोजायची नाही. आई त्यांना न्हाऊ घालायची, औषध द्यायची, जिला दिवस राहिले असतील तिचं बघायची, आणि रात्री सगळ्यांना मधल्या खोलीत झोपवून स्वतः दाराशी आडवी व्हायची. नाव कुणालाच विचारायचं नाही असा तिचा मला दंडक होता. तिला स्वतःला ठाऊक असायची. त्यांना घरी पोचवायचं, नाहीतर कुठं लग्न लावून द्यायचं, तर नावगाव लागणारच की. पण मला सगळ्या नुसत्या "ताई".

त्यातली एक मला फार आठवते. उजव्या हाताची दोन बोटं कुणीतरी मोडली होती, आणि ती आली तेव्हा तशीच वाकडी जुळून गेली होती. पंधरा-सोळा वर्षांची असेल. आठवडाभर एक अक्षर बोलली नाही. मग एक दिवस मी पोळ्या लाटत असताना शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "तुमची पोळी आमच्या गावाकडच्यापेक्षा जाड आहे." मला इतका आनंद झाला की मी चिडलेच तिच्यावर. "मग लाट तू!" म्हटलं. लाटली तिनं, त्या तसल्या बोटांनी, आणि खरंच पातळ लाटली.

जायची वेळ आली की आई प्रत्येकीची ओटी भरून पाठवायची. "माहेरातून लेक रिकाम्या पदरानं निघत नाही," म्हणायची. पण ओटी भरायची ती सवाष्णीनं. विधवेनं तिथं उभंही राहायचं नाही. आई एवढी नर्सबाई, साऱ्या जगाला धडे देणारी, पण ही एक गोष्ट तिनं कधी मोडली नाही. मला वाटतं, त्या पोरींच्या नशिबाला आणखी कसलाही धक्का लागू नये एवढंच तिच्या मनात असावं. ती आतल्या खोलीत जाऊन उभी राहायची आणि तिथून मला हाक मारायची, "अग ये, कुंकू घेऊन ये." मग मी हळदकुंकू लावायची, तांदूळ, सुपारी, हळकुंड पदरात घालायची. नारळ त्या दिवसांत कुठला मिळायला? खणही नव्हते. माझ्या लग्नातला एक शालू होता, त्याचे तुकडे कापून आम्ही खण केले. शालू संपला तेव्हा मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. आईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "संपला तो बरा संपला."

एक मुसलमान पोरगी होती. तिच्या मामाच्या घरी, मालेगावला, ती जायची होती. आईनं मला बजावलं होतं, तिला उगाच आपलं काही करू नको, तिला कसं वाटेल. टांगा दाराशी आला आणि ती पोरगी उंबऱ्यावर थांबून राहिली. "अम्मा, मेरी नै भरते क्या?" आई आतल्या खोलीत होती. तिथून तिचा हुंदका मी ऐकला. मी तांदूळ घेऊन धावले आणि त्या पोरीनं ओढणी पुढं केली.

तर अशी ती घरातली गोष्ट. ती घरातच राहायची होती.

पुढं संस्थान गेलं, निवडणुका झाल्या, आमचंही सभागृह आलं. आई पहिल्यांदा मत देऊन आली तेव्हा बोटावरची शाई पुसली जाऊ नये म्हणून दिवसभर भांड्यांना हात लावेना. मी हसले तर म्हणाली, "हस ग. मला आजवर कुणी काही विचारलं होतं का?" आणि मग त्या सभागृहानंच तिला विचारायला बोलावलं.

आमदारांची एक समिती नेमली होती. त्या धामधुमीत बायकांवर जे अत्याचार झाले त्यांची चौकशी करायची, गुन्हेगार शोधायचे, ज्यांच्यावर गुदरलं त्यांना मदत द्यायची. हेतू वाईट नव्हता, हे मी रागातही कबूल करते. कुणीतरी समितीला सांगितलं की गौलीगुड्यातल्या नर्सबाईकडे अशा पुष्कळ बायका राहून गेल्या. आईच्या नावानं समन्स आलं. तोवर माझा नवरा बदलून शहरात आला होता, मी बरकतपुऱ्यात सासरी नांदत होते, पदरात वर्षाची मुलगी होती. समन्स आल्याचं कळल्यावर मी मुलीला काखेत मारून आईकडे पळाले. ती पातळाला खळ घालत होती. "सरकारदरबारी जायचंय, चुरगळलेलं कशी नेसू?" म्हणाली.

आमच्या गल्लीत एक म्हातारे वकीलसाहेब राहायचे. कायस्थ, घरी-दारी उर्दूच, बंद गळ्याची शेरवानी कधी अंगावेगळी न करणारे. त्यांच्या नातीचं बाळंतपण आईनं केलं होतं, त्यामुळे ते आपणहून आईबरोबर गेले. समितीची परवानगी काढून ते शेजारी बसत, आणि आत काय झालं ते बाहेर येऊन मला सांगत. मी सभागृहाबाहेरच्या बागेत पिंपळाखाली मुलीला घेऊन बसलेली असायची.

पहिल्या दिवशी आईनं सगळं सांगितलं. हो, बायका आल्या. हो, दोन्हीकडच्या आल्या. हो, अमुक अमुक जखमा होत्या. नावं? नावं सांगणार नाही. त्या लोकांनी दम दिला नाही, उलट गोडीनंच बोलले. म्हणाले, नर्सबाई, नावं गुप्त ठेवू. तर आई म्हणाली, "तुम्ही इतके सगळे बसलाय, हे लिहून घेणारे बसलेत, तो पंखेवाला उभा आहे. ह्या सगळ्यांना घरी बायका आहेत. गुप्त कसलं राहतंय डोंबलाचं!" वकीलसाहेब हे मला सांगताना हसले, पण मग गंभीर झाले. म्हणाले, "बेटी, तुम्हारी माँ को समझाओ. ये अदालत नहीं है, इससे बड़ी चीज़ है."

त्यांनी मला समजावून सांगितलं ते असं. समितीला सभागृहाचा अधिकार असतो. साक्षीला बोलावलेल्या माणसानं उत्तर द्यायचं नाकारलं, तर तो समितीचा नव्हे, साऱ्या सभागृहाचा अवमान. त्याची शिक्षा सभागृह स्वतः देतं. समज देईल, नाहीतर तुरुंगात धाडेल. त्यावर कोर्टात दाद मागणं महाकठीण. फक्त एक आहे, ती कैद अधिवेशन चालू असेपर्यंतच. सभागृहाचं सत्र संपलं की तुरुंगाचं दार आपोआप उघडलं पाहिजे. "आणि खोटी साक्ष दिली तर?" मी सहज विचारलं. "तो वेगळा गुन्हा," म्हणाले, "आणि जास्त वाईट."

आईला मी खूप समजावलं. रडले, भांडले. "त्यांचं भलंच होईल ग, मदत मिळेल," म्हटलं. ती म्हणाली, "एक जण कोर्टाच्या शिपायाच्या घरात दिली आहे. एकीला दोन मुलं आहेत. एकीच्या सासूला वाटतं, पोर आजोळी वाढली. समन्स तिच्या दाराशी गेलं की त्या घरात तिला दुसऱ्या दिवशी चहा तरी मिळेल का, सांग मला."

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी तिला शेवटची संधी दिली. नावं सांगा, नाहीतर प्रकरण सभागृहापुढं जाईल. आणि तिथं आईचा अभिमान आडवा आला. गप्प बसली असती तर काय बिघडत होतं? पण नाही. ताठ उभी राहून म्हणाली, "माझ्या घरातून प्रत्येक पोर ओटी भरून गेली आहे. ती माझी लेक झाली. लेकीचं नाव आई चावडीवर घेत नाही."

समितीत वेगवेगळ्या मुलखांतले लोक होते. बाकीच्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. पण एक म्हातारे सभासद आमच्या मराठी मुलखातले होते, डोक्याला रुमाल बांधणारे. ते इतका वेळ काही बोलले नव्हते. ते हळूच म्हणाले, "बाई, राग मानू नका. तुमचं कपाळ मोकळं आहे. मग ओटी कुणी भरली?"

वकीलसाहेबांना कळेना की खोलीत असं काय झालं. बाहेर आल्यावर त्यांनी मलाच विचारलं, "ये ओटी का क्या मामला है?" त्यांना एवढंच दिसलं की आईनं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

मला मात्र तिथंच, त्या पिंपळाखाली, सगळं कळून चुकलं. घरात एक सवाष्ण होती, तिनं प्रत्येक पोरीचं तोंड जवळून पाहिलं, एवढं त्या माणसानं एका वाक्यात धरलं होतं. आता समन्स माझ्या नावानं येणार. नावं मला ठाऊक नव्हती, पण तोंडं ओळखायला लावली असती. मी बोलले तर त्या पोरी गेल्या. नाही बोलले तर मी तुरुंगात, मुलगी अंगावर पिणारी, नवरा सरकारी नोकर.

पण आईनं उत्तर देऊन टाकलं होतं. "मीच भरली."

"शपथेवर आहात, बाई," ते म्हातारे म्हणाले.

"हौ. शपथेवर सांगते. ह्या हातानं भरली. घरात दुसरं कुणी नव्हतं."

त्या माणसाला खरं काय ते समजलं असणार. आपल्याकडची कुठली विधवा लेकीची ओटी स्वतः भरेल? पण त्यांनी मान खाली घातली आणि पुढचा प्रश्न विचारला नाही. त्यांचे उपकार मानावेत की त्यांना शिव्या द्याव्यात, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या संध्याकाळी मी आईला म्हटलं, "मी जाते आणि सांगते, मी भरली म्हणून. हे काय करून बसलीस?" तिनं माझा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "माझ्या गळ्याची आण आहे. कुणापुढं म्हणजे कुणापुढं बोलायचं नाहीस. नवऱ्यापुढंसुद्धा नाही." तिचा गळा तापलेला होता.

समितीचा अहवाल सभागृहात वाचला गेला. तो सगळा छापून आला, उर्दू पत्रांत आला, मराठीतही आला, त्या ओटीच्या प्रश्नोत्तरासकट. आईला सभागृहाच्या दारात, कठड्याशी उभं केलं. माफी मागता का, उत्तर देता का, असं विचारलं. ती म्हणाली, "सभागृहाचा मान मोठा आहे. मी तुम्हाला मत दिलंय. पण नावं देणार नाही." ठराव झाला. अधिवेशन संपेपर्यंत कैद. नोकरीतून आधी तात्पुरतं आणि मग कायमचं काढलं, कारण शिक्षा झालेली बाई सरकारी दवाखान्यात कशी चालेल? वकीलसाहेब वरच्या कोर्टात जायला तयार होते. आईनं नको म्हटलं. तिथं पुन्हा तेच विचारतील, म्हणाली.

अंदाजपत्रकाचं अधिवेशन ते. लांबतच चाललं. मी रोज संध्याकाळी वकीलसाहेबांना विचारायची, "उठलं का सभागृह?" ते मान हलवायचे. आज पाटबंधाऱ्यांवर चर्चा झाली. आज ज्वारीच्या भावावर. आज एक सभासद तास-दीड तास रस्त्यांवर बोलले. मला वाटायचं, जाऊन त्या माणसाचं तोंड दाबावं. त्याच्या एकेका भाषणापायी माझी आई आणखी एक दुपार तुरुंगाच्या पत्र्याखाली बसत होती. भेटायला गेले की म्हणायची, "इथं एकीचे दिवस भरलेत, बरं झालं मी आहे." तिथंही बाळंतपण करून आली, अशी ती.

माझे मामंजी सज्जन माणूस, पण घाबरट. आयुष्यभर वरिष्ठांपुढं मान लववलेले. म्हणाले, "सूनबाई, सध्या तिकडं जाणं-येणं कमी करा." मी पदर खोचून म्हटलं, "मामंजी, ती माझी आई आहे, सध्याची आणि नंतरचीही." त्यानंतर ते माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. नवरा मधल्यामध्ये. तो रिक्षाचं भाडं माझ्या हातावर ठेवायचा आणि काही विचारायचा नाही.

अधिवेशन उठलं त्याच दिवशी आई घरी आली. वाळून काडी झालेली. मी म्हटलं, संपलं एकदाचं. पण कसलं संपलं! सभागृहाची शिक्षा अधिवेशनाबरोबर सुटली, गल्लीची तेव्हाच सुरू झाली. विधवेनं ओट्या भरल्या. तेही त्या पोळलेल्या पोरींच्या. अपशकुनी बाई. नावं लपवली त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, कुणीकुणी तर मनातून कौतुकही करत असतील. पण ओटी! जिच्या हातावर त्यांची पोरं जन्मली, तिला बारशाचं बोलावणं बंद झालं. बाळंतपणाला तर नाहीच नाही. एकदा मी आईबरोबर विठोबाच्या देवळाकडून येत होते. शेजारची पोटुशी सून दारात उभी होती. आईनं सवयीनं तिच्या पायांवरची सूज बघायला मान वळवली, तर सासूनं त्या सुनेला दंडाला धरून आत ओढलं आणि दार लावलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई म्हणाली, "चल. तिला मिठाचं कमी खायला सांगायला हवं होतं."

आणि सांगणार कोण? ओटी मी भरली हे जगात फक्त त्या पोरींना ठाऊक होतं. त्यांतली जी कुणी तोंड उघडून म्हणेल, "नाही हो, नर्सबाई तर आतल्या खोलीत उभ्या होत्या," ती स्वतःलाच उघडी पाडणार. आणि माझ्या तोंडाला आईच्या गळ्याचं कुलूप. ती नुसती बसून असायची. हात कधी रिकामे न ठेवलेली बाई, ती अंगणात बसून तेच तांदूळ दोनदा निवडायची.

दोनेक वर्षं अशी गेली. मग चैत्रातलं हळदीकुंकू आलं. बरकतपुऱ्यात आमच्या दूरच्या नात्यातलं घर, गौर सजवलेली, आंब्याची डाळ, पन्हं, बायकांचा नुसता कलकलाट. घरच्या बाईनं मला पदर खोचून कामाला लावलं, भिजवलेल्या हरभऱ्यांनी सगळ्यांच्या ओट्या भरायच्या. मी एकेकीपुढं जात होते. तेवढ्यात एका आजीबाईंनी विषय काढलाच. मी तिची लेक हे त्यांना ठाऊक नसेल, किंवा असेलही. "त्या गौलीगुड्याच्या नर्सिणीनं स्वतः ओट्या भरल्या म्हणे! त्या पोरींचं पुढं काय झालं असेल, देव जाणे." मग एकीला त्यांनी विचारलं, "तुमचं गाव त्या धामधुमीच्या मुलखातलंच ना हो? ऐकलंत का काही?"

ती दचकली, मग हसली. पुष्कळ हसली. म्हणाली, "शिव शिव! विधवेच्या हातची ओटी! कशा नांदणार हो त्या? माझ्या तर अंगावर काटा येतो ऐकूनच."

सगळ्या हसल्या. मी पाटी घेऊन तिच्यासमोर आले. तिनं न बघता पदर पुढं केला, आणि पदर धरलेल्या त्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी होती.

माझा हात पाटीतच राहिला. एक शब्द पुरे होता. एकच शब्द, आणि माझी आई पुन्हा नर्सबाई झाली असती. मी तिच्याकडे पाहिलं. आता तिनंही मान वर केली होती. हसू ओठांवर तसंच होतं आणि डोळ्यांत तीच मधल्या खोलीतली पोरगी बसली होती. शेजारी तिची सासू होती, मांडीवर मूल होतं. मी हरभरे तिच्या ओटीत घातले. कुंकू लावलं. माझं बोट तिच्या कपाळावर जरा जोरातच टेकलं असेल.

तिथून मी तडक रिक्षा करून गौलीगुड्याला आले. ऊन अजून उतरलेलं नव्हतं. आई अंगणात सूप घेऊन बसली होती. मी उभ्या उभ्याच सुरू झाले. कोण भेटली, काय म्हणाली, कशी हसली. "आई, तिच्यापायी तू तुरुंगात गेलीस! तिच्यापायी तुला लोक दार लावतात! आणि ती हसली ग! अंगावर काटा येतो म्हणाली! तुझ्या घरात पोळ्या लाटत होती ती भवानी, आणि..." मी रडायला लागले.

आईनं सूप खाली ठेवलं. "हसली?"

"हसली! सगळ्यांत मोठ्यांदा."

"बायकांत बसून हसली?"

"हौ ना, सांगतेय काय मी!"

"अंगानं भरलीय का जरा?"

मी म्हटलं, "आई, तुला काहीच वाटत नाही का?"

"वाटतं ग," ती म्हणाली. "फार वाटतं. आता बाळंतपणाला कुणी बोलवत नाही, तर हात दुखतात माझे." तिनं डोळ्याला पदर लावला. मग मला हाताला धरून तिनं खाली बसवलं. "तू ओटी भरलीस ना तिची?"

"भरली."

"रागारागानं नाही ना भरलीस?"

"नाही."

"मूल कितीचं असेल?"

"वर्ष-सव्वा वर्षाचं. मांडीवर झोपलं होतं. ती उठली तेव्हा सासूनं आपल्याकडे घेतलं आणि तिचा गजरा सुटत होता तो नीट केला."

आईनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं, पण तांदळाला हात लावला नाही. माझा हात तिनं अजून सोडला नव्हता.

"परत सांग," ती म्हणाली. "गजरा कुणी नीट केला?"

"सासूनं," मी म्हटलं.